तुकड्या-तुकड्यानं डोंगर वाचत नाही



गेल्या आगोटीच्या आधी आपल्या डोंगरावरच्या एका वाडीत साहेब लोक आले. पाणलोटाचा आराखडा करायचा होता. गाडी खालीच राहिली, घाम पुसत वर चढले. समाजमंदिराच्या भिंतीला मोठा रंगीत नकाशा लावला. माथा लाल, उतार पिवळा, नाला निळा. इथं समतल चर, इथं दगडी बांध, इथं सिमेंट बंधारा, इथं चराईबंदी, असं बोट ठेवून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग मागं बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "दादा, आमचा झरा कुठं दाखवलाय यात?"

साहेबांचं बोट नकाशावर फिरत राहिलं. झरा नव्हता.

आजीनं दुसरं विचारलं, "आन् आमची दळी?" दळीच्या जागेवर लिहिलं होतं, 'पडीक'.

ज्या झऱ्यावर वाडी एप्रिल-मे काढते तो झरा नकाशात नाही. ज्या दळीवर आपल्या पणज्यांनी नाचणी-वरी पिकवली ती पडीक. आम्ही बारावी शिकलेली पोरं तिथंच बसलो होतो. नकाशा वाचता येतो म्हणून मिरवणारे आम्ही. पण आजीनं जे विचारलं ते आमच्या तोंडून निघालं नाही. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितो आहोत.

नवी मुंबई कुणाच्या डोंगराचं पाणी पिते?

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे-पनवेल-उरणच्या आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं घेतली आणि खाडीकाठाला शहर उभं केलं. त्या शहराला पाणी लागतं आणि ते डोंगरातून येतं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. रोज ४५० दशलक्ष लिटर पाणी द्यायची त्याची क्षमता. पेण तालुक्यातलं हेटवणे सिडकोच्या वस्त्यांना पाणी देतं. पनवेल शहराचं देहरंग धरण गाढी नदीवर, म्हणजे माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला. ह्या प्रत्येक धरणाच्या वर कोण राहतं? ठाकर राहतात, कातकरी राहतात. धरणाच्या पोटात जे गेले तेही आपलेच.

पाणी खाली शहरात कसं अडवतात तेही बघा. वाशी, बेलापूर ह्या भागात कितीतरी जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून सिडकोनं धारण तलाव बांधले. भरतीला दरवाजे बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. युक्ती चांगली. पण तलाव गाळानं भरत गेले. गाळ उतारावरनं येतो. पारसिकच्या डोंगराचं पोट दगडखाणींनी फाडलं, झाडं गेली, माती सुटली, ती पावसानं खाली नेली. मग शहर म्हणतं, तलावातला गाळ काढा. वर डोंगराला काय झालं हे कोण विचारतो? विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीची वाट बदलली. पाण्याची वाट बदलली की पाणी दुसरीकडं शिरतं, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

म्हणजे शहराला वरचं पाणी हवं आहे, वरचा दगड हवा आहे, वरची हवा खायला फार्महाऊस हवं आहे. वरची माणसं मात्र नकाशात नकोत.

अख्ख्या शिवाराचं शास्त्र

एका शिबिरात आम्हाला एक नवीन शब्द ऐकायला मिळाला. 'लँडस्केप इकॉलॉजी'. पुस्तकी मराठीत त्याला भूदृश्य परिस्थितिकी म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आम्ही त्याला अख्ख्या शिवाराचं शास्त्र म्हणतो. १९३९ साली कार्ल ट्रोल नावाच्या जर्मन भूगोल अभ्यासकानं हा शब्द काढला. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो बघताना त्याला दिसलं की जंगल, शेत, नदी, गाव ही वेगळी वेगळी खाती नाहीत. एकमेकात गुंतलेली आहेत. त्याला ते विमानातून दिसलं, आपल्याला डोक्यावर मोळी घेऊन चालताना दिसतं.

हे शास्त्र जमिनीकडं तीन गोष्टींनी बघतं. एक तुकडा: देवराई, तळं, दळीचं शेत, वाडी. दोन वाट: एका तुकड्यातून दुसऱ्यात जायची जागा, म्हणजे नाल्याकाठची उंबर-करंज-जांभळाची रांग, गुरांची वाट. तीन पसारा: ज्याच्यात हे सगळं बसलेलं आहे ते. शास्त्र सांगतं, तुकडा एकटा जगत नाही. वाट तोडली की तुकडा आतून मरायला लागतो. वरून हिरवा दिसला तरी.

वलगणीचं उदाहरण घ्या. पहिल्या जोरदार पावसाला मासे खालून वर चढतात. नदीतनं ओढ्यात, ओढ्यातनं भातखाचरात, अंडी घालायला. कातकऱ्यांची पोरं त्या रात्री झोपत नाहीत. आता ओढ्यात माणसाच्या छातीएवढी सिमेंटची भिंत बांधली, तर कागदावर 'बंधारा पूर्ण, इतकं पाणी अडलं' असं येतं. पण मासा भिंतीला तोंड आपटून मागं फिरतो. वरच्या वाडीच्या ताटातलं कालवण गेलं ते कुठल्या कागदावर येतं? बंधारा घालू नका असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, कुठं घालायचा, किती उंच घालायचा, माशाला वाट कुठनं ठेवायची हे ज्याला वलगण ठाऊक आहे त्याला विचारा.

माथा ते पायथा, पण कुणाचा माथा?

पाणलोटाचं सरकारी तत्त्व आहे 'माथा ते पायथा'. आधी वर काम करा, मग खाली या. तत्त्व बरोबर आहे. आपल्याकडं पावसाची कमी नाही. पनवेल-खालापूरकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिशोब करून बघा. एक हेक्टर उतारावर तेवढा पाऊस पडला तर ते तीन कोटी लिटर पाणी झालं. दोनशे माणसांच्या वाडीला माणशी ५५ लिटर धरलं, तर फेब्रुवारी ते मे चार महिन्यांला लागतं साधारण तेरा लाख लिटर. म्हणजे एका हेक्टरवरच्या पावसाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. तरी आपल्या बाया मार्चपासून हंडा घेऊन उतार उतरतात. पाऊस पडतो आणि काही तासात काळ्या कातळावरून खाडीत जातो. थांबत नाही. म्हणून थांबवायला पाहिजे, ह्यात वाद नाही.

वाद पुढं आहे. माथ्यावर कोण आहे? आपण. पायथ्याला विहीर, बोअर, बागायत, फार्महाऊस कुणाचं? बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचं. मग 'माथा ते पायथा'चा अर्थ काय निघतो? चर आमच्या दळीत खोदायचे, चराईबंदी आमच्या शेळ्यांना, कुऱ्हाडबंदी आमच्या मोळीला, आणि पाणी पायथ्याच्या मोटरीला. वर त्याग, खाली लाभ. आणि आम्ही नको म्हटलं तर आम्ही अडाणी, विकासाच्या आड येणारे.

शास्त्राच्या हिशोबानंही ते चुकतं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, झरा. आपला डोंगर थराथराचा आहे. एक थर घट्ट कातळाचा, एक थर भेगांचा आणि भोकांचा. पाणी भेगांच्या थरातून मुरत येतं, घट्ट थराला अडलं की बाजूनं बाहेर पडतं. तोच आपला झरा. हे पाणी कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मुरलेलं असतं. पाणलोटाची रेघ धारेवरून जाते, झऱ्याचं पाणी त्या रेघेखालून जातं. झरा कुठून पाणी पितो हे न बघता चर मारले तर चर भरतील आणि झरा आटेल. कुठल्या बाजूला पाऊस लागला की किती दिवसांनी झरा फुगतो, हे आजीला माहीत आहे. त्या माहितीची किंमत शून्य धरली.

दुसरी, उतार. माती भरपूर, उतार मध्यम, तिथं चर चांगला. पण उभा उतार, वीतभर माती आणि खाली गुळगुळीत कातळ असेल तर चरात थांबलेलं पाणी माती सैल करतं. नकाशावर दोन्ही उतार पिवळेच.

तिसरी, चराई. एका तुकड्यात शेळ्या बंद केल्या तर शेळ्या उपाशी बसत नाहीत, शेजारच्या तुकड्यात जातात. एक डोंगर हिरवा दाखवला, दुसरा बोडका केला. बेरीज तीच.

हे आमचं एकट्याचं रडगाणं नाही. जलयुक्त शिवार योजनेवर नऊ हजार सहाशे कोटींच्या वर पैसे गेले. २०२० मध्ये विधिमंडळात ठेवलेल्या कॅगच्या अहवालानं सांगितलं, एवढं करून भूजल वाढायला आणि गावं टंचाईतून सुटायला फारसा उपयोग झाला नाही. तुकड्या-तुकड्यानं खोदलं, मोजलं, बिल काढलं. अख्खं शिवार कुणी बघितलं नाही.

इर्शाळवाडी विसरू नका

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली आपल्या ठाकर भावंडांची वाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे देह मिळाले. ५७ जण मिळालेच नाहीत. तिथून खाली बघितलं की मोरबे धरणाचं पाणी दिसतं. शहराच्या नळाच्या डोक्यावर ती वाडी होती.

विधानसभेतच सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. यादी गावाची असते, सर्व्हे नंबरची असते. डोंगर सरकतो तेव्हा तो यादी बघत नाही. ज्यानं वरचा कडा, मधला उतार, खालची वाडी आणि पाण्याच्या वाटा एका नजरेनं बघितल्या असत्या, त्यानं निदान प्रश्न तरी विचारला असता. आम्ही त्या दुःखाचं भांडवल करत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की अख्खा डोंगर एका कागदावर मांडणं ही हौस नाही, माणसांच्या जिवाची गोष्ट आहे.

आता आपल्याकडं बोट

सरकार तुकड्यात बघतं असं आम्ही ओरडतो. आपण काय करतो? वनहक्क कायदा २००६ साली आला. आपण धावत गेलो आणि 'नमुना क' भरला. माझी दळी, माझा प्लॉट, माझा सातबारा. ते बरोबरच होतं, पोटाचा प्रश्न आहे, तो हक्क सोडायचा नाही. पण किती वाड्यांनी 'नमुना ग' भरला? अख्ख्या जंगलाचा, झऱ्याचा, नाल्याचा, चराईचा सामूहिक दावा? हाताच्या बोटावर मोजाव्या.

वैयक्तिक पट्टा म्हणजे तुकडा. पट्टा तुमच्या हातात आणि वरचं जंगल दुसऱ्याच्या ताब्यात, तर नाचणीला पाणी कुठून येईल? झरा आटला तर पट्टा चाटायचा? आणि एकेकट्या माणसाला दलाल गाठतो. २०१३ साली विमानतळाच्या भोवतालची २७० गावं 'नैना'त आली, तेव्हापासून पनवेल-खालापूरकडं दलाल वाडी-वाडी फिरतो आहे. पट्टा विकता येत नाही हे कायद्यात असलं तरी कब्जा विकणारे आपल्यातच निघतात. वर एक फार्महाऊस झालं की कुंपण येतं, कुंपणानं गुरांची वाट बंद, ओढ्यात पाईप, खालच्या वाडीचा डवरा कोरडा. ही तोडलेली वाट आपल्याच सहीची असते.

वणव्याचंही बोलू. उन्हाळ्यात कुणीतरी ससा उठवायला, कुणी गवत फुटायला म्हणून आग लावतो. ती आपल्या देवराईच्या कडेपर्यंत जाते. उतारावरचा पाला जळला की पहिला पाऊस माती घेऊन खाली जातो. त्या राखेचा दोष साहेबावर टाकता येणार नाही.

काही जुने साथी आम्हाला म्हणतात, पोरांनो, नकाशाबिकाशाच्या नादाला लागू नका. नकाशा हे सरकारचं हत्यार आहे. नकाशा काढला की साहेबाला आपली गुपितं कळतात. त्यांच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, नकाशा तर निघालाच आहे. आपल्याला न विचारता निघाला आहे आणि त्यात आपण पडीक आहोत. आपला नकाशा नसला तर त्यांचाच खरा ठरणार. देवाची जागा, औषधाची जागा दाखवायची का झाकायची, ते वाडी ठरवेल.

कायदा काय म्हणतो

नीट ऐका, हे पाठ करा. आपला रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथं लागू नाही. पण वनहक्क कायदा लागू आहे.

कलम ३(१)(झ), इंग्रजीत 'आय', अख्ख्या सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क देतं. कलम ५ हक्कधारकांना आणि ग्रामसभेला अधिकार देतं, की जंगल-जनावर राखायचं आणि लगतचं पाणलोट क्षेत्र, पाण्याच्या जागा आणि इतर नाजूक भाग सुरक्षित राहतील हे बघायचं. पाणलोट हा शब्द कायद्यातच आहे. तो राखायचा अधिकार साहेबाच्या टेबलाला नाही, ग्रामसभेला दिला आहे. कलम ३(२) सांगतं, बंधारा, पाणी साठवण अशा गावाच्या सोयीसाठी जंगलजमीन वळवायची तर दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस म्हणजे हजेरीवहीवरचे अंगठे नाहीत.

आणि नियम १३ बघा. सामूहिक दाव्याला पुरावा काय चालतो? पारंपरिक चराईच्या जागा, कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा, मासेमारीच्या जागा, माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा. वैयक्तिक दाव्याला जमीन सपाट केलेली, बांध, बंधारे हेही पुरावे चालतात. म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं सांगणं चालतं. समजलं का? आजीचा झरा हा पुरावा आहे. वलगणीची जागा हा पुरावा आहे. शेवळं, कंटोळी आणायची जागा हा पुरावा आहे. आपण शिवाराचा पाण्याचा नकाशा केला तर तो एका बाजूनं पाणलोटाचा आराखडा होतो आणि दुसऱ्या बाजूनं जमिनीच्या हक्काचा पुरावा. पाण्याचं काम आणि हक्काचं काम वेगळं नाहीच.

शहरानं काय द्यायचं

अमेरिकेत न्यूयॉर्क शहर डोंगरातल्या धरणांचं पाणी पितं. पाणी शुद्ध करायचा प्रचंड खर्चाचा कारखाना बांधायचा की वरचा डोंगर राखायचा, असा प्रश्न आला. १९९७ साली शहरानं वरच्या गावांशी लेखी करार केला. शहर पैसे देणार, वरची गावं पाणलोट राखणार. तिथंही आधी धरणांसाठी गावं उठवली होती, भांडणं झाली होती. पण शेवटी शहराला वरच्या माणसांसोबत टेबलाला बसावं लागलं. नवी मुंबईला का बसता येत नाही? मोरब्याच्या पाण्याची पट्टी घराघरातून गोळा होते. त्यातला ठरलेला वाटा धरणावरच्या ग्रामसभांच्या खात्यात का येऊ नये? ही भीक नाही. डोंगर राखणीची मजुरी आहे.

आपण काय करायचं

आमचं म्हणणं चार ठरावात सांगतो. वाडीवाडीत वाचा, भांडा, बदला, मग हात वर करा.

एक. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वाडीनं आपला नकाशा स्वतः काढायचा, भर पावसात फिरून. झरा, डवरा, नाला, वलगणीची वाट, गुरांची वाट, देवराई, दळी, स्मशान, सरकणारी जागा, सगळं. बाया आणि म्हातारी माणसं पुढं, आम्ही पोरं मागं वही घेऊन.

दोन. त्या नकाशासकट 'नमुना ग' भरायचा. एका ओढ्यावरच्या सगळ्या वाड्यांनी एकत्र बैठक घ्यायची, म्हणजे वरच्याचा हक्क खालच्याच्या आड येणार नाही. खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी, चाफेवाडीसारख्या शहराला टेकलेल्या वाड्यांनीही मागं राहायचं नाही. भोवती महापालिका आली म्हणून वाडी नाहीशी होत नाही.

तीन. पाणलोटाच्या कामाची ग्रामसभा दिवाळी ते होळी घ्यायची नाही. तेव्हा अर्धी वाडी वीटभट्टीवर असते. माणसं परत आल्यावर घ्या. दळीवर चर मारायचा तर दळीवाल्याची संमती, चराईबंदी करायची तर आधी चाऱ्याची सोय, आणि पाणी वाढलं तर त्यातला पहिला हंडा वरच्या वाडीचा. हे लेखी झाल्याशिवाय कुदळ लागणार नाही.

चार. दलालाला कब्जा द्यायचा नाही, वणवा लावायचा नाही. ज्यानं केलं त्याला ग्रामसभेत उभं करायचं, मग तो आपला भाऊ असो की पुढारी.

चर खोदायला आम्ही तयार आहोत. दगड रचायला आम्ही तयार आहोत. खालचं शहरही पाणी पिऊ दे, ती पण माणसंच आहेत. पण आमच्या अंगणात येऊन आम्हालाच पडीक म्हणायचं आणि आमच्याच हातानं खोदून घ्यायचं, हे आता चालणार नाही.

त्या आजीच्या वाडीत आम्ही परत गेलो होतो. तिनं आम्हाला झऱ्यावर नेलं, वरच्या उंबरापाशी उभं केलं आणि पाणी कुठून कुठून येतं ते काठीनं दाखवलं. आमच्या वहीची सहा पानं भरली. बाकीच्या वाड्यांच्या वह्या अजून कोऱ्या आहेत. आगोटीच्या आधी आपापल्या वाडीची बैठक लावा, आम्हाला निरोप द्या. वही आम्ही आणतो.

जिंदाबाद!